चौदा खण

पोलीस आले तेव्हा धाकटी डार्करूममध्ये होती. सकाळचे दहा वाजले असतील, पण आत मिट्ट काळोख. पाववाल्याच्या मुलीच्या लग्नाचा रोल तिनं नुकताच डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला होता आणि दोन्ही टोकं धरून ती तो वरखाली झुलवत होती. तिला तेव्हा एकोणिसावं सरलं होतं. थोरली लग्न होऊन गेल्यापासून आतलं काम तिच्याकडे आलं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

दारावर थाप पडली.

"दार उघडा."

"पाच मिनिटं थांबा," ती आतून म्हणाली. "फिल्म उघडी आहे."

तिला वाटलं, कुणी नवखं गिऱ्हाईक असेल. दुसरी थाप पडली आणि तिसऱ्या वेळी कडीच निखळली. उजेड भसकन आत आला. तिच्या हातातली फिल्म त्या एका क्षणात वाया गेली. अख्खं लग्न काळंठिक्कर पडलं.

बाहेर सहा माणसं होती. फौजदार बाबांशी बोलत होता. आवाज चढलेला नव्हता, आणि धाकटीला तेच जास्त भीतीदायक वाटलं. चार दिवसांपूर्वी काचेच्या कारखान्यातल्या कामगारांचा मोर्चा त्या रस्त्यावरून गेला होता. पुढच्या चौकात दगडफेक झाली होती. बाबांनी स्टुडिओच्या वरच्या खिडकीतून मोर्चाचे फोटो काढल्याचं कुणीतरी पोलिसांच्या कानावर घातलं होतं. त्यांना चेहरे हवे होते.

"वॉरंट दाखवा," बाबा म्हणाले.

"मागून येतंय."

"मग मागून या."

फौजदार हसला आणि त्यानं माणसांना खूण केली. मोर्चाचा रोल कुठला, ते शोधत बसायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी भिंतीतलं अख्खं कपाट रिकामं करायला घेतलं. तेवीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या त्यात, पाकिटांत घालून, नंबर टाकून, लाकडी खणांत उभ्या लावलेल्या. बारशी, लग्नं, नोकरीच्या अर्जाचे फोटो, आणि कधीकधी शेवटचे फोटोसुद्धा. बाबा एका बाजूला उभे राहून बघत होते. त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता, चष्मा शोधल्यासारखा. चष्मा डोळ्यांवरच होता.

आई मात्र काउंटर सोडून हलली नाही. पावतीशिवाय आईच्या हातून कधी कागदाचा कपटा गेला नव्हता. तिनं फोटोचं एक मोठं पाकीट उलटं केलं आणि जो खण बाहेर जाईल तो त्यावर लिहायला लागली. खण पहिला. खण दुसरा. गिऱ्हाइकांची वही. दोन कॅमेरे, एकाचा पट्टा तुटलेला. शेवटचा, चौदावा खण घेऊन एक पोक्त शिपाई निघाला, तेव्हा तिनं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"इथं सही करा."

"कशाला?"

"चार फोटो नेले तरी मी सही घेते. तुम्ही चौदा खण नेताय."

शिपायानं खण काउंटरवर टेकवला, पेन घेतलं आणि पार्सल सोडवून घ्यावं तशी मुकाट्यानं सही ठोकली. फौजदार तोवर गाडीत बसला होता.

आठवड्याभरानं ठाण्यातून निरोप आला. सामान परत मिळेल, फक्त एका कागदावर सही करायची. कागदावर लिहिलं होतं, 'मी तपासासाठी हे सामान स्वखुशीनं दिलं.' संध्याकाळी काका आले. काका पोस्टात होते आणि कुठल्याही कचेरीत कसं वागावं हे आपल्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"दादा, सही कर आणि मोकळा हो," ते म्हणाले. "एक ओळ तर आहे."

"ती ओळ खोटी आहे."

"अरे, कोण वाचतंय?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, सही करायची तर स्वखुशीनं करा. नाहीतर नका करू." काका चहा न घेताच निघून गेले.

वकीलबाईंची कचेरी शिंप्याच्या दुकानावर होती. खालच्या मशीनची खडखड सुरू झाली की बाई बोलायचं थांबत आणि ती थांबली की अर्धं वाक्य बरोबर तिथूनच उचलत. बाबांबरोबर धाकटी गेली होती. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"यावर सही केली असती, तर झडती झालीच नाही असं ठरलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना घरात बोलावलंत आणि कपाट उचलून दिलंत, असा त्याचा अर्थ. मग कोर्टात मागायला काही उरत नाही."

"आणि आता काय मागता येतं?"

"घटनेनं तुमच्या दाराला किंमत दिली आहे, फोटोवाले. ते दार मोडलं म्हणून तीन गोष्टी मागू. एक, सामान परत. दोन, त्यातून पोलिसांना जे मिळालं असेल ते कुणाच्याही विरुद्ध वापरायचं नाही. तीन, नुकसानभरपाई."

बाबा म्हणाले, "फौजदारानं येऊन 'चुकलं' म्हणावं, असं मागता येत नाही का?"

"ते कायद्यात बसत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही, हे धाकटीच्या लक्षात राहिलं.

खटला तीन वर्षं चालला. बाबांच्या गुरूंनी आपला जुना पेटीचा कॅमेरा दिला, त्यावर स्टुडिओ कसाबसा चालू राहिला. पण गिऱ्हाईक बिचकायला लागलं. फोटोला बसल्यावर माणसं विचारायची, "हा पण तिकडे जाईल का हो?" पाववाला एकदा येऊन नुसता बसून राहिला. लग्नानंतर दोन महिन्यांत त्याचे वडील वारले होते. म्हाताऱ्यानं जन्मभर कॅमेऱ्यासमोर उभं राहायला नकार दिला होता. नातीच्या लग्नात काय मनात आलं कुणास ठाऊक, आपणहून मध्ये येऊन उभा राहिला होता. तो एकच फोटो. पाववाला रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता पावाची पिशवी ठेवून गेला.

कोर्टात पोलिसांनी सांगितलं की, फोटोवाल्यानं राजीखुशीनं दोन पाकिटं दिली, बाकी कुणी काही नेलं नाही. वकीलबाईंनी आईचं उलटं पाकीट पुढे केलं आणि शिपायाला साक्षीला बोलावलं. तो आता सेवेतून निवृत्त झाला होता आणि साध्या सदऱ्यात फारच लहानखुरा दिसत होता.

"ही सही तुमची?"

शिपायानं पाकीट उजेडाकडे धरलं. फौजदार मागच्या बाकावर बसला होता. शिपायानं तिकडे पाहिलं नाही.

"माझी."

"का केलीत?"

"काउंटरवरच्या बाईंनी सही करा म्हटलं. चौदा खण होते, चौदा लिहिले होते. बरोबर होतं म्हणून केली."

कोर्टात खसखस पिकली. मग धाकटीची साक्ष झाली. वकीलबाईंचे प्रश्न संपल्यावर न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "तुम्ही किती वेळ मागितला होता?"

"पाच मिनिटं."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या निबाचा आवाज तिला ऐकू आला.

निकाल बाबांच्या बाजूनं लागला. झडती बेकायदा, जप्ती बेकायदा. निगेटिव्हवरून ज्या नऊ कामगारांना पकडलं होतं, त्यांच्याविरुद्ध ते फोटो पुराव्यात धरायचे नाहीत. भरपाईही मिळाली, पण अख्ख्या निकालात म्हाताऱ्याच्या फोटोबद्दल एकच वाक्य होतं: या हानीची भरपाई करणं न्यायालयाच्या हातात नाही. बाबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. फौजदाराची तोवर बदली झाली होती. तो कधीच आला नाही.

सामान मात्र आलं. खणांत नव्हे, पोत्यांत. पाकिटं फाटलेली, नंबर गेलेले, कितीतरी निगेटिव्ह ओलीनं एकमेकींना चिकटलेल्या. आई पोती मोजून म्हणाली, "हे तर चौदा नाहीत, अकराच आहेत." आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

धाकटी आता सत्तरीला टेकली आहे. आईबाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण सुखाचे दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर तिला सामान परत आल्यानंतरचा हिवाळा आठवतो. बाबांनी स्टुडिओच्या मधोमध एक मोठी काच आडवी ठेवली आणि तिच्याखाली दिवे लावले. चिकटलेल्या निगेटिव्ह ती कोमट पाण्यात सोडवायची, दोरीवर वाळवायची आणि काचेवर मांडायची. वही परत आलीच नव्हती. मग ओळखायचं कसं?

तर अख्खी गल्ली आली. आधी शिंपी आला, मग पाववाला, मग सुटलेल्या नऊ जणांतले दोघे, बायकामुलांसह. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि चेहरे काळे, त्यामुळे जो तो म्हातारा दिसे. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची.

"ही आमची आत्या. नाकावरून सांगते."

"अहो, तो तुमचा मामा आहे."

काकासुद्धा रोज पोस्टातून सुटले की येऊन बसत. नंबर घालायचं काम त्यांनी न विचारताच आपल्याकडे घेतलं आणि ते उत्तम केलं. आई चहाचं आधण उतरवायचीच नाही. ओल्या फिल्मचा, फिल्म पक्की करायच्या हायपोचा आणि पावाचा मिळून एक वास त्या खोलीत भरून असायचा.

एका दुपारी दोघंच असताना धाकटीनं विचारलं, "बाबा, तेव्हा सही केली असती तर तीन वर्षं वाचली असती ना?"

"वाचली असती," बाबा भिंगातून वर न पाहता म्हणाले. "पण मग ही सगळी माणसं मीच त्यांच्या हवाली केली असं झालं असतं. माझ्याकडे विश्वासानं बसलेली माणसं."

हिवाळा सरता सरता शंभरेक चेहरे उरले, ज्यांना कुणीच ओळखलं नाही. बाबांनी त्यांचा वेगळा खण केला आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'ओळख पटली नाही.'

आईनं ते वाचलं. "पोलिसांसारखं काय लिहिता?"

बाबांनी खोडरबर घेतलं, खरडून सगळं पुसलं आणि थोडा विचार करून लिहिलं, 'येतील.'

पुढच्या काही वर्षांत त्यातले सात जण खरंच आले.