धुडकूचा घास

सुरतजवळच्या हजीरा बंदराच्या त्या धक्क्यावर एकाच माणसाची जीभ शाबूत होती, ती म्हणजे डिंडोलीच्या छगनची. बाकीच्यांनी सुपारी-तंबाखूचा मावा चघळून चघळून आपापल्या जिभांचं पार चामडं करून घेतलं होतं, आणि त्यांचे साहेब रमणीकभाई तर या कामात सगळ्यांच्या पुढे. छगनला मात्र आईने, भागीरथीने, गळ्याची शपथ घातलेली. त्यामुळे जहाजात भरायच्या रसाची चव घेणारा नेहमीचा माणूस सर्दीने आडवा पडला, तेव्हा रमणीकभाई थेट छगनपाशी आले.

"छगनभाई, आजे तमे चाखो. बराबर जम्युं तो परमनंट!"

कंत्राटावर टाक्या धुता धुता छगनचे केस पिकायला आले होते. परमनंट म्हटल्याबरोबर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रस कसला, हे विचारायचंही भान त्याला राहिलं नाही.

ते जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारा भलामोठा फ्रीज. पोटात स्टीलच्या टाक्या, त्यांत गार रस भरायचा आणि थेट हॉलंडला न्यायचा. बाटली नाही, डबा नाही. पाइपातून आलेला पहिला पेला धक्क्यावरच्या माणसाने चाखायचा, मग जहाजावरच्या अधिकाऱ्याने. दोघांनी मान डोलावली की मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा.

छगनने पेला तोंडाजवळ नेला आणि वासासरशी तसाच खाली आणला. आंबा! आणि आखाजी अजून यायची होती!

खानदेशी घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरून त्यांना आंबा दिल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. त्यात छगनचे पितर म्हणजे खुद्द बाप, धुडकू. लूमवर कापड विणण्यात आयुष्य काढलेला हा माणूस आंब्याच्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही. छगनने हौसेने आंबे आणावेत, बापाने देठाकडून हुंगावेत, मान हलवावी आणि "जमस नही" म्हणून पिशवी परत द्यावी. मरेपर्यंत छगनचा एक आंबा त्याने पास केला नाही. छगनला ते अजून टोचायचं.

त्याने रमणीकभाईंना अडचण सांगितली. रमणीकभाईंनी कपाळावर हात मारला. वर जहाजावर फिलिपिनो अधिकारी घड्याळ बघत होता, खाली खाडीचं पाणी ओसरायच्या बेतात होतं, ओसरलं की जहाज अडकलंच. शेवटी छगनने आईला फोन लावला.

"खबरदार!" भागीरथी कडाडली. "आखाजीना पहिले आंबा तोंडमा घाला ना, त तुना बाप सपनमा यीसन काठी मारी!"

"माय, मनी नोकरीना सवाल से."

आता भागीरथीचा रोख जहाजाकडे वळला.

"जहाज भरीसन आंबा परदेशमा धाडी राहिनात, आनि मना घरना मानूसले एक घास नही? पहिले त्याले दे. तठे आगारी टाक."

आगारी म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात टाकायचा घास. "माय, आठे काडी बी पेटाडू देतस नही."

"मंग कावळाले दे. त्यानी खादं, का तू खाय."

झालं. धक्क्याच्या कठड्यावर कागदी बशीत आमरस वाढला गेला आणि एवढं मोठं जहाज एका कावळ्यासाठी खोळंबलं. रोज डबे पळवणारे कावळे नेमके त्या दिवशी गायब. रमणीकभाई आभाळाकडे बघून पुटपुटत होते, "कागडा, आव ने भाई!"

एक पांढरा समुद्रपक्षी मात्र तरंगत आला आणि बशीपाशी बसला.

"पक्षी उना, माय! पन धवळा से," छगन फोनवर म्हणाला.

"तुना बाप धवळा व्हता का? हाकल त्याले!"

रमणीकभाईंनी स्वतःचं हेल्मेट फेकून त्याला हाकललं. आणि मग क्रेनवरून कावळा उतरला. मान तिरपी करून त्याने बशीकडे पाहिलं, चोच बुडवली, जोरात मान झटकली आणि उडून परत क्रेनवर जाऊन बसला.

छगनला ते मान झटकणं चांगलं ओळखीचं होतं. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, बापाले जमनं नही."

काय भानगड आहे म्हणून फिलिपिनो अधिकारी खाली आला. त्याने पेल्यातला घोट घेतला आणि फूऽऽ करून थुंकला. पाइप धुवायला वापरलेला सोडा आत राहिला होता! रमणीकभाई पांढरेफटक पडले. हा रस टाकीत गेला असता तर सगळा माल वाया जाऊन त्यांचीच नोकरी गेली असती. त्यांनी क्रेनकडे बघून हात जोडले आणि पाइप पुन्हा धुवायला लावला.

दुसरी बशी वाढली. कावळा पुन्हा उतरला. या वेळी चोच बुडवली ती वर येईना. बशी चाटूनपुसून साफ केल्यावर त्याने चोच कठड्याला पुसली आणि आरामात बसून राहिला.

"काय करी राहिना?" भागीरथीने विचारलं.

"समदं खाई टाकं, माय. आजून बठेल से."

मग ती हळू म्हणाली, "त्याले तुना आंबा जमना रे, छगन. आते तू खाय."

छगनने पेला तोंडाला लावला. घोट गळ्याखाली उतरला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

रमणीकभाईंची तर बोबडीच वळली. "शुं थयुं? फरी सोडा?"

"ना साहेब," छगन बाहीने डोळे पुसत म्हणाला. "मीठो छे, साकर जेवो. खोलो व्हॉल्व्ह."