चार भोकांचं बटण

रविवारी दुपारी तीन वाजले की आक्का शिलाई मशीनवर झाकण टाकायची. मग गिऱ्हाईक दारात येऊन रडलं तरी ते झाकण निघत नसे. दुकानामागच्या खोलीत कापड बेतायचं मोठं टेबल होतं, त्यावर दोन वर्षं एक खेळ रंगला होता. शाळेतला भूगोलाचा मास्तर तो चालवायचा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गुहा, राक्षस, कुलपं रचायचा आणि बाकी तिघं वीस बाजूंचे फासे टाकत त्यातून वाट काढायची. आक्काची धाकटी बहीण त्यात तलवारवाली. दवाखान्यातला कंपाउंडर तिरंदाज. आणि आक्का भाटीण, म्हणजे गाणारी.

"भाटीण कसली घेतेस?" धाकटी पहिल्याच दिवशी हसली होती. "आम्ही मरमर लढायचं आणि तू गात बसायचं?"

"तुझी तलवार कुठे पडते ते बघायला एक शहाणं माणूस नको का?"

भाटिणीचं काम ऐकायला सोपं होतं. तिची पाळी आली की तिने कुणा एकासाठी गायचं आणि त्याच्या तळहातावर एक लाल बटण ठेवायचं. पुढे त्याचा फासा कमी पडला, तर त्याने बटण भाटिणीला परत करून छोटा फासा टाकायचा आणि तो आकडा आपल्यात मिळवायचा. दिलेलं बटण वापरेपर्यंत ज्याचं त्याच्याकडे. बस, एवढंच. पण त्यात अक्कल लागते, आणि ती आक्काकडे पोत्याने होती. जो ओरडून मागतो त्याला बटण द्यायचं नाही. ज्याच्यावर पुढे वेळ येणार, त्याला ती यायच्या आधी देऊन ठेवायचं. कंपाउंडर घाबरला की जास्त बोलतो, धाकटी घाबरली की गप्प होते, हे आक्काने पहिल्या महिन्यातच हेरलं होतं. राक्षस पडला की टाळ्या धाकटीला. आक्का गालात हसायची. शर्ट चांगला बसला तर शर्टवाल्याला छान म्हणतात, टाके कोण बघतं?

बटणं आईच्या लाल कोटाची होती. पाच. दोन भोकांची, कडेने झिजलेली. कोट विरून गेला, बटणं राहिली. दोघी बहिणींनी ती वाटून घेतली नाहीत, आक्काच्या डबीत ठेवली.

मागच्या रविवारी मंडळी ड्रॅगनच्या डोंगरापाशी पोचली होती. मास्तरने सांगितलं, या दारातून तिघंच आत जाऊ शकतात, आणि डाव तिथेच थांबवला. उठता उठता आक्काने धाकटीसाठी आणि कंपाउंडरसाठी एकेकदा गाऊन घेतलं आणि दोघांच्या हातावर एकेक बटण ठेवलं.

"आक्का, शेवटचा वार माझा हं," धाकटी म्हणाली.

"कर की बाई. तुझा हात कुणी धरलाय? हे सांभाळ म्हणजे झालं."

आठवडाभर आक्का ब्लाउज शिवता शिवता मनात गाणी जुळवत होती.

या रविवारी सगळे वेळेवर आले. धाकटी जरा जास्तच गोड बोलत होती. मास्तरने घसा साफ केला. "तुम्ही डोंगराच्या पोटात उतरलात. पुढे अंधार आहे..."

"डावं दार नको," धाकटी म्हणाली. "तिथे फरशी खचते."

"अगं, दारं आहेत की नाहीत ते तरी सांगू दे त्यांना," आक्का म्हणाली.

मास्तर आडोशामागे खाली वाकला. काही पडलं नव्हतं, तरी शोधत राहिला.

"एकेकाचा अंदाज असतो आक्का," कंपाउंडर म्हणाला. "बायकांना तर असतोच. माझी बायको बघा, मी घरात शिरायच्या आधीच तिला..." तो बोलतच सुटला. आक्काने त्याच्याकडे नीट पाहिलं.

पुढे ड्रॅगनने डोळा उघडायच्या आत कंपाउंडर तिसऱ्या खांबामागे जाऊन बसला. तिसऱ्याच. खांब किती ते अजून कुणी सांगितलंही नव्हतं. मग त्याचा बाण तीन आकड्यांनी चुकला आणि त्याने घाईघाईने बटण पुढे केलं.

चाळीस वर्षं बटणं लावलेला अंगठा तो. बघावंसुद्धा लागलं नाही. कड गुळगुळीत, मधे चार भोकं.

"हे माझं नाही."

कंपाउंडर फासे पुसायला लागला.

"धाकटे, तुझं दाखव." तेही चार भोकांचं, करकरीत. "शिंपिणीला बटणात फसवताय? मिठात साखर कालवून द्यायची होती, मी एखादवेळी खाल्ली असती. माझी कुठे आहेत?"

शेवटी कंपाउंडरला गप्प राहणं जमलं नाही. "गुरुवारी धाकट्या ताईंचे जावई आले होते. त्यांनाही खेळाची आवड. आगीचे मंत्र टाकतात ते. दारातून तिघंच जाणार, म्हणून ताई म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गाणारी काय कामाची, आग टाकणारा घेऊ."

मास्तर पुठ्ठ्याला बोलावं तसं म्हणाला, "पंधरा मिनिटांत तिघंही मेली. म्हणून मग ठरलं की गुरुवार धरायचाच नाही."

"आणि मला सांगायचंही नाही. वा! आणि बटणं?"

"आवरताना जावयांच्या खिशात गेली वाटतं," धाकटी पुटपुटली. "चुकून. ते गावी परतले. विचारायला बरं दिसेना. अगं, नवा जावई आहे, त्याच्यासमोर म्हातारीच्या गाण्यात वेळ..." ती मधेच थांबली. थांबायला उशीर झाला होता.

ड्रॅगनने, आगीने, कुणीही मारलं असतं तर आक्काने पदर खोचून उभं राहून दोन शब्द सुनावले असते. इथे केसाने गळा कापणारी पाठची बहीण होती. तेही आईच्या बटणांनी. आक्काला एकदम आपले हात जड वाटले.

"खेळा पुढे," ती म्हणाली. "अर्ध्यात सोडायची सवय मला नाही."

खेळ पुढे चालला, कुणालाच रस नव्हता तरी. ड्रॅगन जखमी झाला होता. आणखी एक वार बसला की संपला असता, नाहीतर त्याची आग सगळ्यांना खाणार होती. वार धाकटीचा, पण त्याआधी पाळी भाटिणीची. आक्काने डबी मांडीवर घेतली. आत आईची तीन बटणं होती. धाकटी गप्प झाली होती, म्हणजे घाबरली होती. आक्काचं बोट आपोआप झाकणाखाली गेलं. चुकलं आक्का, एवढं जरी ती म्हणाली असती, तर तिन्हीच्या तिन्ही तिच्या हातावर ओतली असती.

धाकटीने हात पुढे केला. "डबीत आहेत की अजून. टाक ना एक."

आक्काने झाकण दाबून लावलं.

"माझी भाटीण आज गात नाही."

"आक्का!"

"टाक फासा."

पंधरा हवे होते. तेरा पडले.

मास्तरने आग कशी आली ते सांगायला सुरुवात केली, पण दोन वाक्यांतच पुठ्ठा मिटून ठेवला. कंपाउंडरने फासे गोळा केले. धाकटी हललीच नाही. आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत होती.

आक्का उठली. दोन्ही नवी बटणं तिने त्याच तळहातावर ठेवली.

"घेऊन जा. जावयाच्या शर्टाला लागतील."

तिघं पायऱ्या उतरत होती तेव्हा साडेचार वाजले होते. मागे दुकानात आक्काने मशीनवरचं झाकण काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच रविवारी तीननंतर मशीन चालू झालं.