नेवरेसच्या खडावा

मी खडावांची जोडी. अक्रोडाच्या लाकडाची, अंगावर शिंपल्याची नक्षी. इस्तंबूलच्या राजवाड्यातल्या हमामखान्यात माझा जन्म सरला आणि तो चांगला सरला, असंच मी म्हणेन.

नेवरेस ही डोंगरातून विकत आणलेली पोर. तिच्यावर सुलतानाची मर्जी बसली आणि मी तिच्या पायांत आले. मी वीतभर उंच, खाली ओला संगमरवर. पहिल्याच पावलाला ती सपशेल आपटली. बायका फिदीफिदी हसल्या.

"राणीसाहेबांना जमीन फार आवडते वाटतं!"

हमामातली जुनी दासी पेयकेर तेवढी पुढे झाली. "ऊठ पोरी. हसणारी एकूण एक इथंच आपटलीय. धर माझा हात."

पुढे नेवरेसला मुलगा झाला. तो रांगायला लागला आणि तापानं गेला. राणीनं चारचौघांत रडायचं नसतं. पेयकेरनं तिला हमामात आणलं आणि डोक्यावर कोमट पाणी ओतत राहिली. "इथं रड गं. पाण्यात कुणाला कळत नाही."

मग सुलतान वारला. गादीवर त्याचा भाऊ बसला आणि आधीच्या राण्यांना जुन्या राजवाड्यात जायचा हुकूम झाला. सोबत एकच दासी नेता येणार होती. नेवरेसनं पेयकेरचं नाव घेतलं. तोवर पेयकेरची दृष्टी पार गेली होती. तिची रवानगी निराधारांच्या धर्मशाळेत व्हायची होती.

कारभारीण चकित झाली. "बाईसाहेब, ही तुमची काय सेवा करणार? हिलाच कुणीतरी लागतं."

"म्हणूनच तर नेतेय."

नव्या जागी नेवरेस तिला स्वतः न्हाऊ घालू लागली. एकदा म्हातारी अनवाणी घसरली. नेवरेसनं सुताराला बोलावून मला त्याच्यापुढे ठेवलं. "हिची उंची उतरव. जमिनीलगत कर."

"नक्षी जाईल, बाईसाहेब. राणीची खूण आहे ही."

"काप."

करवत फिरली तेव्हा मी घाबरले होते. आज त्या सुताराला दुवा देते. शिंपले गेले, पण पेयकेरचे सुजलेले पाय माझ्यावर स्थिर राहतात. शेजारी नेवरेस अनवाणी चालते, तिचा दंड धरून.

"पाणी केवढं कढत गं! सोलतेस की काय मला?" म्हातारी ओरडते.

"गप्प बस, आई," नेवरेस म्हणते आणि दोघी हसत सुटतात.

लाकूडच मी, कधीतरी चुलीत जाईन. तक्रार नाही. फक्त एवढ्यात नको. म्हातारीची पाठ अजून चोळायची राहिलीय.