शेवटचे चार आकडे

भवानी पेठेतली ती शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा पट एकशे बारावर आला होता. शिक्षकांची इकडं-तिकडं सोय लागली, मुख्याध्यापिका जगदेवी बिराजदारांना केम गावाजवळची शाळा मिळाली. मागं उरले ते लिपिक सयाजी. कचेरीतली रजिस्टरं, दप्तरं गोण्यांत भरून शिक्षण विभागाकडं पोचवायची आणि एकशे बारा पोरांचे दाखले करायचे, एवढं काम त्यांच्याकडं राहिलं होतं.

सयाजी मोडनिंबचे. निम्मी नोकरी त्यांनी दाखले हातानं लिहिले होते. पुढं शाळेत कॉम्प्युटर आला, तोही ते विचारत, चुकत शिकले. मेल मर्ज तर त्यांचं खास लाडकं काम. सरकारी पोर्टलवरून उतरवलेली मुलांची यादी एक्सेलमध्ये उघडायची, वर्डमध्ये दाखल्याचा नमुना ठेवायचा, दोन्हींची गाठ घातली की एकामागून एक दाखले तयार. दिवसाचं काम तासात व्हायचं.

या वेळी मात्र पहिलाच दाखला बघून ते चमकले. नाव, आईचं नाव, जन्मतारीख सगळं बरोबर. विद्यार्थी क्रमांकाच्या जागी मात्र 2.01927E+18 असलं काहीतरी आलेलं. क्रमांक एकोणीस आकडी. त्यात ई कुठून आला?

दोन दिवस ते त्याच्यामागं लागले. एक्सेलमधला रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलला, तिथं आकडे सरळ दिसायला लागले. वर्डमध्ये पुन्हा तेच. शेवटी मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून त्यांनी दाखल्यातल्या त्या जागेचा कोड उघडला आणि त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ, एक खूण आणि शून्य टाकलं. ई गेला. एकोणीसच्या एकोणीस आकडे ओळीत उभे राहिले.

"बाई, जमलं बरं का!" त्यांनी लगेच जगदेवीबाईंना फोन केला.

"तुम्हाला जमणारच की, सयाजीराव," बाई म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या येऊन एकशे बारा सह्या करून गेल्या. दाखले वाटले. गोण्या शिक्षण विभागात जमा झाल्या. तीस एप्रिलला शाळेचं पोर्टलवरचं खातंही बंद झालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सिद्धेश्वर सयाजींच्या घरी आला. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करणारा, हळू बोलणारा माणूस. बरोबर त्याची मुलगी काव्या. पाचवी झालेली. मुलींच्या सरकारी निवासी शाळेची परीक्षा ती पास झाली होती. पेठेतून या वर्षी तेवढी एकटीच.

"भाऊसाहेब, तितल्या कॉम्प्युटरवर हा नंबर घेतच न्हाय बघा," तो म्हणाला. "तितल्या बाई म्हनल्या, आकडा चुकलाय. शुक्रवारी शेवटची तारीख हाय."

सयाजींनी दाखला घेतला. क्रमांक पूर्ण होता. मग त्यांची नजर शेवटावर गेली. चार शून्यं. त्यांनी घाईघाईनं स्वतःजवळ ठेवलेल्या फायलीतल्या दाखल्यांच्या स्थळप्रती काढल्या. दुसऱ्या मुलीच्या दाखल्यावर चार शून्यं. तिसऱ्याच्याही. सुरुवातीचे पंधरा आकडे वर्षाचे आणि शाळेचे, ते सगळे जागेवर होते. शेवटचे चार ज्याच्या त्याच्या पटावरच्या नंबराचे असतात, तेच नव्हते. एका वर्षी दाखल झालेल्या सगळ्या पोरांचा क्रमांक एकच झाला होता.

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीला, वैष्णवीला, त्यांनी फोन लावला.

"आप्पा, एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच आकडे धरतं," ती म्हणाली. "पुढं शून्यं भरतं. यादी उघडतानाच ते गेले असणार. तुम्ही नंतर बदललं ते नुसतं दिसणं. मूळ फाईल असेल ना?"

"त्याच फायलीवर सेव्ह केलंय गं."

"पुन्हा उतरवून घ्या पोर्टलवरून."

"खातं बंद झालंय."

"मग शिक्षण विभागातच जाऊन विचारा, आप्पा."

मंगळवारी ते शिक्षण विभागात गेले. बंद शाळेचं खातं उघडायला मुख्याध्यापकांचं पत्र लागेल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. जगदेवीबाईंनी केमहून लगेच मोबाईलवर पत्र धाडलं, तर साहेब म्हणाले, "त्या आता त्या शाळेच्या मुख्याध्यापक कुठं आहेत?" मग सयाजींनी गोण्यांतलं रजिस्टर तरी बघू द्या म्हणून हात जोडले. खोलीला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडं ते प्रशिक्षणाला गेलेले, सोमवारी येणार. कुलपाशेजारच्या खिडकीतून त्यांनीच हातानं शिवून बंद केलेल्या गोण्या दिसत होत्या.

बुधवारपासून ते पेठेत दारोदार फिरले. जुन्या प्रगतिपुस्तकांवर वर्गशिक्षक कधीकधी क्रमांक लिहायचे. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देवघरामागं ती सापडत होती. सयाजी ओट्यावर बसून दाखल्यावरचे चार आकडे दुरुस्त करायचे, खाली सही करायचे. कुणी चहा देत होतं. एका बाईनं चार शब्द सुनावले, तेही त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. दोन दिवसांत एकसष्ट पोरांचे आकडे मिळाले.

काव्याचा नाही मिळाला. ती तिसरीत मध्येच आली होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर क्रमांकाची जागा कोरी होती. ती कोरी का, हेही सयाजींना आठवलं. वर्गशिक्षकांनी विचारलं होतं, तेव्हा "कॉम्प्युटरमध्ये हाय की, लिहायची काय गरज" असं तेच म्हणाले होते.

शुक्रवारी सिद्धेश्वरनं कामावर खाडा केला. तिघं एसटीनं निवासी शाळेत गेले. तिथल्या बाई भल्या होत्या. सयाजींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पत्र त्यांनी पूर्ण वाचलं.

"मला सगळं पटतंय हो," त्या म्हणाल्या. "पण क्रमांकाशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. मी कागदावर घेतलं तरी वर दिसणार नाही."

"मॅडम, पंधरा आकडे बरोबर हायत. चारच राहिलेत," सयाजी म्हणाले. "ती आली तवा तिचा पटावरचा नंबर चाळीसच्या आसपास होता. घालून बघू का?"

बाईंनी जरा विचार केला आणि खुर्ची सोडली. सयाजी बसले. घामानं बोटं कीबोर्डवरून घसरत होती. त्यांनी एक्केचाळीस घातला. लाल अक्षरं आली. बेचाळीस घातला. पुन्हा लाल. काव्या त्यांच्या खांद्यापाशी उभी राहून प्रत्येक आकडा मनातल्या मनात वाचत होती, तिचे ओठ हलताना त्यांना पडद्यात दिसत होते. त्यांनी एकोणचाळीस घातला.

पडदा राखाडी झाला. तीन वेळा चुकीची माहिती भरल्यामुळं या मुलीचा अर्ज चोवीस तासांसाठी बंद करण्यात येत आहे, असं मराठीत स्वच्छ लिहून आलं.

शिपायानं पंखा बंद केला, कारण कार्यालयाची वेळ संपत आली होती. बाईंनी वरती दोन फोन लावून बघितले, दोन्हीकडं कुणी उचलले नाहीत. "प्रतीक्षा यादीतल्या मुलीला उद्या बोलावतील," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सयाजींना सिद्धेश्वरच्या पाया पडावंसं वाटलं. तो वयानं लहान होता, पडता आलं नाही.

"माझ्यामुळं झालं रे," ते म्हणाले.

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय, भाऊसाहेब?" सिद्धेश्वर म्हणाला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं उलट फाट्यावरच्या टपरीवर चहा सांगितला. काव्यानं चहा घेतला नाही. तिनं नव्या शाळेसाठी घेतलेली वही पिशवीतून काढली, नाव लिहिलेलं पान नीट दुमडलं आणि ती परत ठेवली.

"दुसरीकडं घालू की हिला," तिचा बाप म्हणाला. "जवळ तर जवळ."

सोमवारी प्रशिक्षणाहून किल्लीवाले आले नाहीत, गुरुवारी आले. रजिस्टरात काव्याचे चार आकडे निळ्या शाईत स्पष्ट होते. सयाजींनी दाखला दुरुस्त केला आणि पेठेत गेले. सिद्धेश्वर कामावर होता, घराला कडी. आतल्या गल्लीत मागांचा आवाज चालला होता. शेजारच्या रत्नम्मांनी दाखला हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला.

"शाळेत गेली हाय ती. मागच्या बोळातल्या," त्या म्हणाल्या. "हे कशाला लागतंय आता तिला?"

"दाखला हाय," सयाजी म्हणाले. "लागतो." आणि ती शाळेतून यायची वाट बघत ते तिथंच पायरीवर बसले.