आंबुशीची कुंडी

“पाणी तेवढं घाल. बाकी कशाला हात लावायचा नाही,” चप्पल घालता घालता आईनं तिसऱ्यांदा बजावलं. “कोळ्यालासुद्धा.”

बाई निघाली मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, आणि काळजी कोणाची, तर कोळ्याची! दाराच्या कोपऱ्यात जाळं विणून तो बसला होता. घर राखतो म्हणे.

आईनं तीस वर्षं हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री केली. त्या वाफेत तिचा देवावरचा विश्वास उडाला की काय कोण जाणे, पण तिनं स्वतःपुरता एक धर्म काढला. त्यात मूर्ती नाही, पोथी नाही. आहेत ती झाडं आणि जनावरं. गोगलगाय दिसली की त्या दिवशी घाई करायची नाही. कावळ्याचं पीस सापडलं की कोणीतरी आपली आठवण काढतंय असं समजायचं. खिडकीत सात कुंड्या, आणि प्रत्येक कुंडी म्हणजे घरातलं एक माणूस. निवडुंग म्हणजे माझे बाबा. “टोचायचे, पण कधी काही मागितलं नाही त्यांनी.” मी पुदिना. “लावलं तिथे गप्प राहील तर शपथ!” सहा कुंड्यांची माणसं मला पाठ होती. सातवीचं विचारलं की “असू दे” म्हणायची. मी आपलं धरून चालले, ती कोणाचीच नाही.

मी औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात काम करते. पट्ट्यावरून हजारो गोळ्या सरकत जातात. त्यातली चिरलेली, डागाळलेली टिपायची आणि फेकायची. वीस वर्षं हेच. त्यामुळे नको ती वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. सातव्या कुंडीत आंबुशी माजली होती, भिंतीच्या फटीतसुद्धा उगवते ती. म्हटलं, आईला धड दिसत नव्हतं, म्हणून राहिलं असेल हे रान. चमच्यानं माती उकरून मी सगळं काढलं. खालचे बारीक गड्डेसुद्धा वेचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई डोळ्यावर पट्टी घेऊन आली, ती थेट खिडकीशी. सातव्या कुंडीत तिनं बोटं फिरवली.

“इथलं कुठंय?”

“ते रान? काढलं की! केवढं माजलं होतं.”

“मुळं असतील खाली.”

“एक नाही ठेवलं. मी काम अर्धवट करते का कधी?” मी चक्क फुशारकी मारली.

“टाकलंस कुठे?”

“कचऱ्यात. सकाळीच गाडी घेऊन गेली.”

ती खुर्चीत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तुझा भाऊ होता तो,” ती म्हणाली. “तुझ्या आधीचा. नऊ दिवस होता. नाव ठेवायचंही राहून गेलं.”

इतक्या वर्षांत घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

“आई, तू सांगितलं का नाहीस गं?”

“तू हसली असतीस.”

हसलेच असते. ती मात्र डोळा कोरडा ठेवून बसली होती. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. मग रडले ते मीच.

तोच चमचा घेऊन मी खाली पळाले. कुंपणाच्या कडेला आंबुशी ढीगभर होती. मूठभर उपटून वर आणली. आईनं एक पान चुरून हुंगलं आणि मूठ मला परत दिली.

“ही नाही चालत. त्याला मी लावलं नव्हतं गं. तो गेल्यावर रिकाम्या कुंडीत आपणहून आला होता.”

“मग आता?”

“आता काय? काही नाही.”

सकाळी तिनं मला हाक मारली. रोज उठल्यावर ती प्रत्येक कुंडीवर वाकून त्या त्या माणसाला कुजबुजत हाक मारते. आता वाकायचीही बंदी होती. सहा कुंड्या मी उरकल्या, बाबांचीसुद्धा. सातवीपाशी थांबले. नुसती काळी माती.

“इथे काय म्हणायचं?”

“बाळ म्हण.”

माझ्यापेक्षा मोठा तो. मी वाकले.

“बाळ,” मी म्हणाले.

“जरा हळू,” आई म्हणाली. “दचकतो तो.”