पसंतीक्रम एक

पंचवटीतल्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम म्हणजे मुलींच्या हात धुऊन मागे लागणारी बाई. अकरावीत नवीन पोरगी आली रे आली की ह्यांचं सुरू. "काय गं, बारावीनंतर काय? ठरवलं नाही? ठरवलं नाही म्हणजे? डोकं काय शेजारणीला वापरायला दिलंयस?" पोरगी बिचारी ओढणीचं टोक चावत उभी. मुली पाठीमागे तिला 'भरती मॅडम' म्हणायच्या. सैन्यात भरती करतात तशी ही बाई इंजिनिअरिंगला भरती करते म्हणून. मंजुषाला ते नाव माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बारा वर्षांत तेवीस मुली तिने इंजिनिअरिंगला धाडल्या. कुणाच्या आजीशी भांडली, कुणाच्या मामाला घरी बोलावून पोहे खाऊ घातले, एकीच्या वडिलांना तर भर बाजारात गाठून ऐकवलं. दरवर्षी जुलैत यादी लागली की त्या वर्षीच्या मुलींचे फोटो तिच्या व्हॉट्सॲप स्टेटसला झळकायचे, आणि दिवसभर ती दर दहा मिनिटांनी किती जणांनी पाहिलं ते बघायची. नवरा चिडवायचा, "स्टेटसला तोरण बांधायचं राहिलंय बघ." ती म्हणायची, "बांधीन. तुला काय त्रास?"

पण एक गोष्ट तिला सलायची. तेवीसच्या तेवीस मुली नाशकात, फार तर संगमनेरला. पुण्याच्या त्या जुन्या, नावाजलेल्या सरकारी कॉलेजात एकही गेली नव्हती. कुणी तिला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. तरी सलायची.

आणि मग तेजश्री आली.

काय पोरगी होती! पेठ रोडला दोन खोल्यांत राहणारी, वडील भाजीचा टेम्पो चालवणारे, घरात पुस्तक ठेवायला स्वतंत्र फळी नाही. पण प्रोग्रॅम अडला की ही स्क्रीनकडे अशी बघायची, जशी आई तांदळातला खडा शोधते, आणि बरोब्बर त्या ओळीवर बोट ठेवायची. सीईटीला नव्याण्णवच्या वर पर्सेंटाइल पडलं, तेव्हा मंजुषाने स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. सायन्सचे सर म्हणाले, "अहो मॅडम, पोरगी तुमची नाही." मंजुषा म्हणाली, "माझीच आहे."

निकालानंतर दोन दिवसांनी तेजश्रीचे वडील, गेणूभाऊ, स्वतःहून लॅबमध्ये आले. दाराबाहेर चपला काढल्या, गोल फिरणाऱ्या स्टुलावर जेमतेम टेकले, आणि स्टूल फिरलं तसे दचकून पुन्हा उभे राहिले.

"मॅडम, पोरगी शिकू दे, माझी ना नाय," ते म्हणाले. "पण नाशकातच. संध्याकाळी घरी. मी थोरल्या भावाला तसा शब्द दिलाय. लय बोलणी खाल्ली मी त्याच्यासाठी."

"हो हो भाऊ, नाशिकच," मंजुषा म्हणाली, एका हाताने त्यांना बसा म्हणत आणि दुसऱ्या हाताने माउस हलवत.

तिथेच चुकलं सगळं. त्या माणसाने किती मोठी गोष्ट केली होती, हे तिला दिसलंच नाही. थोरला भाऊ बुधाआबा म्हणजे त्या घरातलं सुप्रीम कोर्ट. त्या घरातली एकही मुलगी बारावीच्या पुढे गेली नव्हती. त्या भावासमोर उभं राहून गेणूभाऊंनी चार वर्षं मागून आणली होती. मंजुषाला फक्त एवढंच ऐकू आलं, की नाशिकच.

ऑनलाइन फॉर्म भरायचा दिवस आला. कॉलेजांचे पर्याय पसंतीने एकाखाली एक टाकायचे होते. तेजश्रीने वहीच्या पानावर यादी लिहून आणली होती. सगळी नाशिकची कॉलेजं, सुबक अक्षरात, समोर घरापासूनची बससुद्धा लिहिलेली.

मंजुषाने यादी वाचली आणि म्हणाली, "हे सगळं राहू दे. याच्यावर एक नाव टाकू."

"मॅडम, पप्पांनी नाशिकच सांगितलंय."

"अगं, वर एक ओळ टाकायला काय जातं? नाही लागला तर नाशिक आहेच की. आणि लागला, तर त्या कॉलेजला नाही म्हणणारा बाप अजून जन्माला यायचाय."

"पण मॅडम, पहिल्याच नावाला नंबर लागला तर..."

"तेजू. माझ्यावर विश्वास आहे ना?"

आता यावर अठरा वर्षांची पोर काय बोलणार? तिने वही मिटली.

नियम असा होता, की पहिल्या फेरीत पसंतीक्रम एकवरचं कॉलेज मिळालं की ते आपोआप पक्कं. ते घेतलं नाही, तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. खालची सगळी नावं असून नसल्यासारखी. हा नियम मंजुषाला ठाऊक होता. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की त्या क्षणी लक्षातच आलं नाही. साफ खोटं. त्याच आठवड्यात तिने दोन मुलींना हाच नियम फळ्यावर आकृती काढून समजावला होता. तिला वाटलं, एकदा नाव लागलं की बापाला दुसरा रस्ताच उरणार नाही, आणि मग तो आपल्याच पायांनी पुण्याला जाईल.

फॉर्म पक्का करायला ओटीपी लागत होता, आणि नंबर वडिलांचा होता. तेजश्रीने फोन लावला. पलीकडे मार्केट यार्डाचा कालवा, हमालांची ओरड. गेणूभाऊंनी टेम्पो बाजूला घेतला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. "बरोबर आला ना गं? काय चुकाय नको," ते म्हणाले. कशावर सही करतोय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पोरीवर आणि मॅडमवर भरवसा होता, विचारायचं काय त्यात?

शनिवारी यादी लागली. पुणे. कॉम्प्युटर. पसंतीक्रम एक.

मंजुषा अक्षरशः खुर्चीतून उडाली. स्टेटस टाकलं, पेढे घेतले आणि दुपारीच स्कूटर काढून पेठ रोड गाठला. रस्ताभर ती मनात भाषण जुळवत होती. हॉस्टेल सरकारी आहे, मुलींचं वेगळं आहे, यादीतून मिळालेल्या जागेला मुलींना फी माफ आहे. सगळ्याला उत्तर तयार होतं.

दारात चपलांची गर्दी बघून मात्र तिची जीभ जरा जड झाली. बातमी तिच्या आधी पोचली होती. तिचं स्टेटस बुधाआबांच्या सुनेनेही पाहिलं होतं. आत कॉटवर बुधाआबा, पांढरी टोपी मांडीवर ठेवून. खाली सतरंजीवर गेणूभाऊ. आतल्या दाराशी तेजश्रीची आई छाया, आणि तिच्यामागे भिंतीला पाठ लावून तेजश्री. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते.

छायाने पाणी दिलं. पेढ्यांचा बॉक्स मंजुषाच्या मांडीवरच राहिला.

"नाशकात म्हणला व्हतास ना रे?" बुधाआबा भावाला म्हणाले. मंजुषाकडे त्यांनी बघितलंही नाही. "का मला येड्यात काढलं?"

गेणूभाऊ मंजुषाकडे वळले. "मॅडम, नाशिकचं मिळंल ना आता? दुसऱ्या यादीत?"

"नाही भाऊ. पहिलं मिळालं की बाकीचं बंद होतं."

"मंगळवारपर्यंत हे घेतलं नाय, तर?"

"तर... या वर्षीचं गेलं. कॉलेजच्या कोट्यातून बघावं लागेल, पण त्याला फी माफ नाही." आणि त्या फीचा आकडा त्या घरात उच्चारण्यातही अर्थ नव्हता. "पण भाऊ, ऐका तरी, हे कॉलेज म्हणजे..."

"हे नाव वर टाकलं कुणी?"

एवढंच विचारलं त्यांनी. शांतपणे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मंजुषाने तोंड उघडलं, आणि त्याआधीच आतून आवाज आला.

"मी टाकलं, पप्पा. मॅडमना माहीत नव्हतं."

तेजश्री. सरळ वडिलांच्या डोळ्यांत बघून धडधडीत खोटं बोलली पोर, आणि ते कुणासाठी? तर ह्या बाईसाठी, जी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन तिच्याच घरात बसली होती.

मंजुषाच्या ओठांवर आलं होतं. 'नाही, मी टाकलं.' तीन शब्द. पण तिच्या डोक्यात एकदम दुसरीच चक्रं फिरली. बुधाआबा उद्या कॉलेजात जाऊन प्रिन्सिपॉलना सांगतील. गावभर होईल. मॅडम आईबापांना न विचारता फॉर्म भरतात म्हटल्यावर पुढच्या वर्षी कोण मुलगी पाठवेल? बाकीच्या मुलींचं काय? हो, हेच तिने स्वतःला सांगितलं. बाकीच्या मुलींचं काय. समोर उभ्या असलेल्या मुलीचं काय, हे मनात आलंच नाही.

गेणूभाऊ तिच्याकडे बघत होते. बराच वेळ. मंजुषाने मान खाली घातली आणि बॉक्सचा दोरा नीट करत बसली.

"ऐकलंस?" बुधाआबा उठले. "अजून घराबाहेर पाय नाय पडला, तर बापाशी असं. पुण्यात काय करंल?"



रविवार गेला. सोमवारी कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाची झुंबड होती, तेवढं निमित्त मंजुषाला पुरलं. तेजश्रीचा फोन बंद. मंगळवारी दुपारी ती स्कूटर घेऊन निघाली, पेठ रोडच्या वळणापर्यंत पोचली, गाडी बाजूला लावून दहा मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली. पाच वाजता मुदत संपली. त्या वेळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. घड्याळाकडे बघितलं आणि परातीतच रडायला लागली. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही.

बुधवारी मात्र तिच्याने राहवेना. सकाळीच मार्केट यार्डाच्या गेटाशी गेली. गेणूभाऊ टेम्पोतून टोमॅटोचे कॅरेट उतरवत होते. तिला पाहून त्यांनी हात पुसले, जवळच्या टपरीवर दोन चहा सांगितले. घरी आलेल्या पाहुण्याला करतात तसंच. त्या माणुसकीनेच तिचा धीर सुटला.

"भाऊ, ते नाव मी टाकलं होतं," ती एका दमात म्हणाली. "तेजू नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. ती खोटं बोलली माझ्यासाठी. तिचा काही दोष नाही."

गेणूभाऊंनी चहाचा ग्लास तिच्या हातात दिला.

"माहीत हाय मला."

"काय?"

"माझी पोरगी हाय मॅडम ती. खोटं बोलली की कानाची पाळी धरती, तीन वर्षांची व्हती तवापासून. शनिवारीबी धरली व्हती."

"मग तुम्ही काहीच का नाही..."

"मी तुमची वाट बघत व्हतो." ते यार्डाच्या गेटाकडे बघत बोलत होते. "म्हणलं, आता मॅडम बोलतील. तुम्ही नुस्तं म्हणला असता ना, की मी टाकलं, चुकलं माझं, तर मी आबाला म्हणणार व्हतो, बघ आबा, चूक मास्तरणीची, पोरीची नाय. पोरगी शब्दाला जागली. आता सरकारनं जागा दिलीच हाय तर जाऊ दे. मनात जुळवून ठेवलं व्हतं मी सगळं. आबा वरडला असता, चार दिवस बोलला नसता. पण ऐकलं असतं त्यानं माझं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तुम्ही बोललाच नाय. मग पोरगीच खोटी ठरली चार माणसांत. खोट्या ठरलेल्या पोरीला मी पुण्याला कोणत्या तोंडानं धाडू?"

मंजुषाने ग्लास खाली ठेवला. "मी आत्ता येते. आत्ता सांगते आबांना. त्यांच्या पाया पडते."

"आता कशाला?" ते म्हणाले. रागाने नाही, दमून म्हणाले. "तारीख गेली. इथंच बीकॉमला नाव घातलंय तिचं. आबानंच घातलं."

टपरीवाल्याने ग्लास नेले. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, टेम्पो हलवायला हवा होता. गेणूभाऊंनी खिशातून किल्ली काढली.

"भाऊ," मंजुषा कशीबशी म्हणाली, "तेजू काय म्हणते? माझ्याबद्दल काही बोलते का?"

"रोज विचारतो मी तिला," ते म्हणाले. "एकटं असताना, जवळ बसवून. काल रातीबी म्हणलं, आता तरी खरं सांग, तारीख गेली, आता कुणाचं काय जातंय. तर अजून तेच म्हणती. मीच टाकलं पप्पा, मॅडमना नका बोलू."