माशा खाणारं रोप

राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून घरात सगळे तिला 'मिरची' म्हणत. पण या वेळी रागाला कारण होतं. तिने हौसेने आणलेल्या माशा खाणाऱ्या रोपाची पाच पानं महिन्याभरात काळी पडली होती. काय नाही केलं तिने? नळाचं पाणी चालत नाही म्हणून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन वाहून आणले, खत घालू नका म्हणून सासूबाईंशी वाद घातला, उन्हाची एकुलती एक खिडकी अडवली.

त्या दिवशी ती कामावरून आली, तर नवरा पाहुण्यांना घेऊन खिडकीपाशी उभा. त्याने काडेपेटीतली काडी पानात फिरवली. पान झटकन मिटलं, पाहुणे खिदळले.

"रोज करतोस हे?" तिचा आवाज चढला.

"अगं, गंमत! आल्यागेल्याला दाखवायला नको?" मग पाहुण्यांना डोळा मारून तो म्हणाला, "आता हिला बघा, कशी फणकारते!"

तोंडाशी आलेल्या शिव्या तिने गिळल्या. त्याच्या हातातली काडी काढून घेतली आणि मोडली.

"एक पान मोजक्याच वेळा मिटतं," ती म्हणाली. "आत माशी नसताना उगाच मिटवत राहिलं, की काळं पडतं. मग कितीही डिवचा, हलत नाही. बारा वर्षं तू मला चारचौघांत डिवचतोयस."

कुंडी उचलून ती आतल्या खोलीत गेली. दार आता आपटेल म्हणून नवरा हसऱ्या तोंडाने वाट बघत राहिला. ते आपटलंच नाही.